हे झाड इथे कुणी लावले?

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीत शिरले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच, सरळसोट वाढलेली झाडे दिसू लागतात. पाने नेच्याच्या पानांसारखी कातरलेली, वरून गडद हिरवी आणि खालून चंदेरी. वारा सुटला की पाने उलटतात आणि सगळे झाड क्षणभर पांढरे झाल्यासारखे वाटते. हा सिल्व्हर ओक. सातारा-सांगलीकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी तो सहलीत पाहिलेला असतो. पाचगणी म्हटले की तो आठवतो, इतका तो तिथलाच वाटतो.

पण तो तिथला नाही. त्याचे मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या जंगलात आहे. शास्त्रीय नाव ग्रेव्हिलिया रोबस्टा. या नावाने त्याचे वर्णन १८३० साली प्रसिद्ध झाले. नावात ‘ओक’ असला तरी ओक वृक्षांशी त्याचे काही नाते नाही. १८६० च्या दशकात जॉन चेसन यांच्या देखरेखीखाली पाचगणी वसू लागली. त्या काळात परदेशातून जी झाडेझुडे तेथे आणून लावली गेली, त्यांत सिल्व्हर ओक आणि मेक्सिकोतले पॉइन्सेटिया यांची नावे घेतली जातात.

आता एक प्रश्न. समजा, आणखी दोनशे वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला पाचगणीच्या सिल्व्हर ओकची वाळवलेली फांदी सापडली आणि सोबतच्या चिठ्ठीवर एवढेच लिहिलेले आढळले : ‘सिल्व्हर ओक, पाचगणी’. त्याने काय समजावे? हा वृक्ष सह्याद्रीच्या जंगलात आपोआप उगवत होता, की कुणी रोप आणून खड्डा खणून लावला होता? चिठ्ठीवर एक शब्द कमी पडला. तो शब्द आहे ‘लावलेले’. या एका शब्दावर किती काय अवलंबून असते, ते या लेखात पाहू.

हर्बेरियम : वनस्पतींचे दप्तर

वनस्पतीची फांदी पाने-फुले-फळांसह कागदांत दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची, उजव्या कोपऱ्यात माहितीची चिठ्ठी लावायची आणि असे कागद कुळांप्रमाणे कपाटांत रचून ठेवायचे. अशा संग्रहाला हर्बेरियम किंवा वनस्पतिसंग्रह म्हणतात. ही युक्ती सोळाव्या शतकात इटलीत निघाली. तिच्यात आजवर फारसा बदल करावा लागलेला नाही, कारण ती साधी आहे आणि टिकाऊ आहे. नीट वाळवलेला आणि किडीपासून जपलेला नमुना तीनचारशे वर्षे सहज टिकतो.

महाराष्ट्रात असे मोठे संग्रह आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियममध्ये सुमारे दोन लाख नमुने आहेत. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागाचा संग्रह आहे, तसाच आघारकर संशोधन संस्थेचाही आहे. सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यांना सर्वांत जवळचा म्हणजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र विभागाचा संग्रह.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. मग वाळलेल्या पानांच्या कागदांत मला गोडी का वाटावी? कारण असा कागद म्हणजे एक ‘वाचन’ आहे. प्रयोगशाळेत आपण तापमापी वाचतो, वेळ टिपतो, एकक लिहितो. एकक नसलेल्या उत्तराला गुण मिळत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हर्बेरियमचा नमुना हे निसर्गाचे वाचन आणि त्यावरची चिठ्ठी हे त्याचे एकक. कुठे, केव्हा, किती उंचीवर, कुणी गोळा केले आणि झाड रानातले की लावलेले, एवढे नसेल तर ते वाचन अपुरे राहते.

देवदार किती प्रकारचे?

‘नाव लिहिले की झाले, कागदाला फांदी चिकटवण्याचा उपद्व्याप कशाला?’ असे कुणी विचारील. त्याचे उत्तर ‘देवदार’ हा शब्दच देतो.

खरा देवदार पश्चिम हिमालयातला. अफगाणिस्तानपासून काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड आणि पश्चिम नेपाळपर्यंत, साधारण १,५०० ते ३,२०० मीटर उंचीवर त्याची जंगले आहेत. ज्यांना इंग्रजीत ‘सीडर’ म्हणतात त्या वृक्षांच्या सेड्रस या प्रजातीतला तो आहे. त्याचे सख्खे भाऊ लेबनॉनच्या परिसरात, उत्तर आफ्रिकेतल्या अ‍ॅटलास पर्वतात आणि सायप्रस बेटावर आढळतात. हे सगळे अनावृतबीजी, म्हणजे फळात न दडलेले बी शंकूच्या खवल्यांवर धारण करणारे वृक्ष.

पण आपल्याकडे बाजारात ‘देवदारी खोके’ म्हणतात, तेव्हा ते खऱ्या देवदाराचे असेलच असे नाही. पॅकिंगच्या हलक्या, फिकट लाकडाला ते नाव सरसकट चिकटले आहे. बंगालमध्ये ‘देवदारु’ म्हणून जे झाड दाखवतात, ते आपल्या शाळांच्या आवारात रांगेने उभे असणारे, लांब पानांचे आणि खाली झुकलेल्या फांद्यांचे झाड. त्याला आपण ‘अशोक’ म्हणतो. तो खरा सीतेचा अशोकही नव्हे! आणखी मौज पाहा. आपल्या सह्याद्रीत तूण नावाचा वृक्ष रानात वाढतो. त्याचे लाकूड तांबूस आणि सुगंधी, म्हणून इंग्रजांनी त्याला ‘रेड सीडर’ म्हटले. हाच वृक्ष ऑस्ट्रेलियातही नैसर्गिकरीत्या वाढतो आणि तेथेही तो ‘रेड सीडर’च. प्रत्यक्षात तो कडुनिंबाच्या कुळातला, फुले-फळे येणारा वृक्ष. दार्जिलिंगच्या डोंगरांत ‘धुपी’ची दाट राने दिसतात. त्या झाडाला ‘जपानी सीडर’ म्हणतात. तेही खरे सीडर नव्हे, आणि ते दार्जिलिंगचेही नव्हे. एकोणिसाव्या शतकात ते जपानहून आणून लावलेले आहे.

म्हणजे वहीत नुसते ‘सीडर’ किंवा ‘देवदार’ लिहून ठेवले, तर पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला त्यातून काहीच उमगणार नाही. कागदावर फांदी असेल तर मात्र तो भिंग घेऊन स्वतः पाहू शकतो : शंकू आहेत की फुले? पाने सुईसारखी की संयुक्त? नाव चुकलेले असले तरी पुरावा जागेवर असतो.

हर्बेरियममध्ये एक चांगली शिस्त पाळतात. नंतरच्या अभ्यासकाला आधीचे नाव चुकीचे वाटले, तर तो जुनी चिठ्ठी काढून टाकत नाही. आपली नवी चिठ्ठी, स्वतःचे नाव आणि तारीख घालून, तिच्या शेजारी चिकटवतो. प्रयोगवहीत चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही, त्यावर एक रेघ ओढून शेजारी नवा लिहायचा, असे तुमचे शिक्षक सांगतात ना? तीच ही शिस्त.

लावलेले झाड म्हणजे प्रयोग

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. एखादा वृक्ष एका ठिकाणी आढळत नाही, याची दोन निरनिराळी कारणे असू शकतात. एक, तेथले हवामान किंवा माती त्याला मानवत नाही. दोन, मानवले असते, पण त्याचे बी तेथवर कधी पोचलेच नाही. मधे समुद्र, वाळवंट किंवा डोंगर आडवा आला.

निव्वळ रानातली झाडे पाहून या दोहोंतला फरक कळत नाही. तो कळण्यासाठी कुणीतरी रोप उचलून अडथळ्याच्या पलीकडे नेऊन लावले पाहिजे. झाड जगले तर समजावे की हवामानाची हरकत नव्हती, अडचण फक्त वाटेची होती. पाचगणीच्या सिल्व्हर ओकने नेमके हेच सिद्ध केले. त्याच्या बियांना पातळ पंख असतात, त्या वाऱ्यावर थोड्या अंतरापर्यंत तरंगत जातात. पण ऑस्ट्रेलिया ते सह्याद्री हा हजारो किलोमीटरांचा समुद्र काही त्या ओलांडू शकत नव्हत्या. जहाजाने तो अडथळा दूर केला आणि झाड रुजले.

खऱ्या सीडरबाबतही असा प्रयोग झालेला आहे. १८६० च्या दशकात अ‍ॅटलास पर्वतातल्या सीडरचे बी फ्रान्सच्या दक्षिण भागात, व्हाँतू आणि ल्युबेराँ या डोंगरांवर पेरले गेले. तेथली झाडे वाढली, त्यांना शंकू आले, बी पडले आणि त्यातून नवी रोपे आपोआप उगवू लागली. भूमध्य समुद्राच्या पलीकडचा वृक्ष अलीकडेही सुखाने नांदू शकतो, हे त्यामुळे कळले.

म्हणूनच, मूळ प्रदेशाबाहेर लावलेल्या झाडाची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञाला मोलाची वाटते. रानातले झाड सांगते, ‘मी येथे राहतो.’ लावलेले झाड सांगते, ‘मी येथेही राहू शकतो.’ ही दोन विधाने वेगळी आहेत.

उंची, थंडी आणि पाऊस

आपल्या दोन जिल्ह्यांत हा प्रयोग विशेष मनोरंजक ठरतो. थोडे गणित करू. हवेत वर जाऊ लागलो की तापमान सरासरीने दर किलोमीटरला सुमारे ६.५ अंश सेल्सिअस उतरते. सांगली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर. फरक ८२० मीटरांचा. म्हणजे ०.८२ गुणिले ६.५, बरोबर सुमारे ५.३ अंश. सांगलीपेक्षा महाबळेश्वर सरासरीने एवढे थंड असावे, असा अंदाज निघतो.

मग तेथे देवदार का नाही? महाबळेश्वरची उंची देवदाराच्या खालच्या मर्यादेच्या, १,५०० मीटरच्या, जवळच आहे की! पण येथे फक्त उंची पाहून भागत नाही. देवदाराचा हिमालय ३० अंश अक्षांशाच्या आसपास आणि त्याच्या उत्तरेला आहे, महाबळेश्वर १८ अंशांच्या जवळ. तेथे हिवाळ्यात बर्फ पडतो. आपल्याकडे वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या निरभ्र पहाटे दव गोठले, तर ती वर्तमानपत्रात बातमी होते. एकच उंची, पण अक्षांश बदलला की हिवाळा बदलतो.

शिवाय पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. तेथून जेमतेम १९ किलोमीटरवर, पूर्वेला असलेल्या पाचगणीत त्याच्या निम्माही पडत नाही. आणखी पूर्वेला माण, आटपाडी, जत या बाजूंना गेलात तर वर्षभराचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्रीचा कडा चढताना ढग आपले पाणी सांडतात आणि पलीकडे कोरडे होऊन उतरतात, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. इतक्या थोड्या अंतरात पावसाचे प्रमाण दहापटींहून अधिक बदलते. असा प्रदेश म्हणजे निसर्गाने मांडून ठेवलेली प्रयोगशाळाच. एकच जातीचे झाड महाबळेश्वर, वाई, कराड, सांगली आणि जत येथे लावलेले असेल, तर पाच वेगवेगळ्या पावसांत ते कसे वागते हे पाहता येईल. अट एकच, नोंद हवी.

फसलेला प्रयोगही प्रयोगच

महाबळेश्वर पाहून आलेल्यांना लिंगमळ्याचा धबधबा आठवत असेल. याच लिंगमळ्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने सिंकोनाची लागवड करून पाहिली होती. सिंकोना म्हणजे ज्याच्या सालीपासून हिवतापावरचे क्विनीन मिळते ते दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातले झाड. निलगिरीच्या डोंगरांत आणि दार्जिलिंगकडे ते रुजले. लिंगमळ्याला मात्र तग धरू शकले नाही आणि लागवड सोडून द्यावी लागली.

जगलेल्या झाडाची फांदी कुणीही हौसेने दाबून ठेवतो. मेलेल्या रोपाची नोंद कोण ठेवणार? पण विज्ञानाच्या दृष्टीने ‘येथे जगले नाही’ हेही ‘येथे जगले’ याइतकेच महत्त्वाचे उत्तर आहे. लिंगमळ्याची हकीकत सरकारी दप्तरात लिहिली गेली म्हणून आज आपल्याला ती ठाऊक आहे. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांत लावलेल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात वाळून गेलेल्या रोपांची अशी नोंद आपण ठेवतो काय?

‘सातारा’ म्हणजे नेमके कोठे?

आता चिठ्ठीवरच्या जागेच्या नावाकडे वळू. जुन्या चिठ्ठ्यांवर पुष्कळदा एकच शब्द असतो : ‘सातारा’. पण कोणता सातारा? शहर, तालुका की जिल्हा?

आणि जिल्हा असेल तर कोणत्या सालचा? १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. सांगली, मिरज, जत अशा संस्थानांचा मुलूख दक्षिण साताऱ्यात आला. १९६० साली दक्षिण साताऱ्याचे नाव ‘सांगली’ झाले. म्हणजे १९२० सालच्या एखाद्या नमुन्यावर ‘सातारा जिल्हा’ असेल, तर तो नमुना महाबळेश्वरच्या सहा हजार मिलिमीटर पावसातला असू शकतो किंवा आज सांगली जिल्ह्यात असलेल्या तासगावच्या कोरड्या माळावरचाही असू शकतो! पट्टीवर सेंटिमीटर वाचले की इंच, हे न लिहिल्यासारखीच ही गत.

म्हणून आता चिठ्ठीवर गावाच्या नावासोबत अक्षांश-रेखांश लिहितात. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. त्याला ३६० ने भागले की अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर हे येते. दशांश चिन्हानंतर चार आकडे लिहिले तर जागा ११ मीटरांच्या आत निश्चित होते. म्हणजे अगदी त्याच झाडापाशी जाऊन उभे राहता येईल. हे आकडे आज घरातल्या मोबाइल फोनवरही मिळतात. जिल्ह्यांची नावे बदलतील, हद्दी सरकतील, पण अक्षांश-रेखांश तेच राहतील.

तो एक शब्द गाळला तर

‘लावलेले’ हा शब्द किती महत्त्वाचा आहे, हे जुन्या अभ्यासकांनी ओळखले होते. डॅल्झेल आणि गिब्सन या दोघांनी १८६१ साली ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मुंबई इलाख्यातल्या मूळच्या वनस्पती मुख्य भागात घेतल्या आणि बाहेरून आणलेल्या व येथे रुळलेल्या वनस्पतींना वेगळी पुरवणी जोडली. यांपैकी गिब्सन हे पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख होते. परदेशी झाडे आणून ती येथे रुजतात का हे पाहणे हेच त्या बागेचे एक काम. स्वतः झाडे लावणाऱ्या माणसालाच लावलेले आणि मूळचे यांतला भेद राखण्याची गरज पटली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आपल्या काळातले उदाहरण सांगली जिल्ह्यातच आहे. कृष्णेच्या खोऱ्यातल्या सागरेश्वरच्या उजाड डोंगरांवर स्वातंत्र्यसैनिक आणि वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडे लावली गेली, प्राणी आणून सोडले गेले आणि १९८५ साली तेथे अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर. माणसांनी घडवलेले अभयारण्य म्हणून त्याची ख्याती आहे. तेथे आज जुन्या वनस्पतींच्या शेजारी लावलेली झाडे उभी आहेत, आणि काही लावलेल्या झाडांची पिलावळ आपोआप उगवत असणेही शक्य आहे. आणखी शंभर वर्षांनी हे सारे एकरूप झालेले असेल. त्या वेळच्या अभ्यासकाला ‘कृष्णाकाठच्या कोरड्या टेकड्यांवर मूळचे कोणते रान होते?’ असा प्रश्न पडला, तर उत्तर कोण देणार? आज ठेवलेले नमुने आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या.

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. उजाड टेकडीवर पुन्हा रान उभे करायचे असेल तर तेथे कोणती झाडे लावावीत, हे ठरवण्यासाठी पूर्वी तेथे काय होते ते कळावे लागते. चिठ्ठीवर ‘लावलेले’ हा शब्द नसेल, तर परके झाड ‘येथलेच’ समजून त्याचीच लागवड होण्याचा धोका आहे.

हिशेबाची दुसरी बाजूही पाहा. आज जगभरच्या संग्रहांतील नोंदी संगणकावर एकत्र केल्या जातात. २००१ साली स्थापन झालेली जीबीआयएफ ही आंतरराष्ट्रीय यंत्रणा अशा कोट्यवधी नोंदी कुणालाही पाहायला खुल्या ठेवते. या नोंदींवरून संगणक नकाशे काढतात : अमुक वृक्षाला किती तापमान चालते, किती पाऊस लागतो, पृथ्वी तापत गेली तर तो कुठे टिकेल. येथे ‘लावलेले’ या शब्दाची खरी कसोटी लागते. लावलेली झाडे रानातली समजून मोजली, तर वृक्षाचे मूळ घर चुकीचे ठरते. बागेत पाणी घालून जगवलेल्या झाडावरून ‘याला कोरडे हवामान चालते’ असा भलताच निष्कर्षही निघू शकतो. उलट, लावलेली झाडे नकोतच म्हणून सगळ्या नोंदी फेकून दिल्या, तर त्या वृक्षाची सहनशक्ती आहे त्यापेक्षा कमी धरली जाते. म्हणजे नोंद घ्यायलाच हवी, पण वेगळ्या रकान्यात. शब्द लिहिलेला असेल तरच रकाना निवडता येतो.

तिसरी एक अवस्थाही असते. लावलेले झाड कुंपण ओलांडून रानात पसरू लागते. आपली घाणेरी म्हणजेच टणटणी बागेत शोभेसाठी आणलेली अमेरिकेतली वनस्पती. आज ती डोंगरउतारांवर माजली आहे. पाचगणीत शांतपणे उभा असलेला सिल्व्हर ओकही हवाई बेटांवर उपद्रवी ठरला आहे. तेथे तो लागवडीबाहेर पसरला आणि स्थानिक वनस्पतींची जागा घेऊ लागला. तेव्हा लावलेल्या झाडाखाली त्याची रोपे उगवतात की नाही, हीदेखील चिठ्ठीवर लिहिण्याजोगी गोष्ट आहे. संकटाची पहिली चाहूल तेथेच लागते.

वाळल्या पानांतून मिळालेली उत्तरे

जुने नमुने गोळा करणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते असे उपयोग आज त्यांचे होत आहेत. दोनच उदाहरणे सांगतो.

पानांवर बारीक छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. १९८७ साली वुडवर्ड या शास्त्रज्ञाने इंग्लंडमधील केंब्रिजच्या हर्बेरियममधील दोनशे वर्षांतली झाडांची पाने सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. पर्णरंध्रांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी घटली होती. त्या काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सुमारे २८० वरून ३४० भागांवर गेला होता. आज तो ४२० च्या पुढे आहे. वायू भरपूर मिळू लागला तशी झाडाला दारे कमी पुरू लागली आणि त्यामुळे पाणीही वाचू लागले. दोनशे वर्षांपूर्वी पान दाबून ठेवणाऱ्याला हवेतल्या या वायूची चिंता नव्हती. त्याने फक्त तारीख नीट लिहिली होती.

दुसरे उदाहरण तर लावलेल्या झाडांचेच. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात अर्नोल्ड आर्बोरीटम नावाची वृक्षबाग आहे. तेथल्या प्रत्येक झाडाला क्रमांक असतो आणि त्याचे नमुने हर्बेरियममध्ये ठेवलेले असतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या बागेतली २२९ जिवंत झाडे-झुडपे आणि १८८५ ते २००२ या काळातल्या त्यांच्याच फुलोऱ्याच्या ३७२ नोंदी ताडून पाहिल्या. १९०० ते १९२० च्या तुलनेत १९८० ते २००२ या काळात ती सरासरीने आठ दिवस लवकर फुलत होती. शहर तापत चालल्याची साक्ष झाडांनीच दिली. झाड कुणी, कुठे लावले याची नोंद असल्यामुळेच प्रत्येक झाड हे एक मापनयंत्र बनू शकले.

तुम्ही काय करू शकता?

असे काम तुमच्या शाळेतही सुरू करता येईल. खर्च जवळजवळ नाही. जुनी वर्तमानपत्रे, दोन फळ्या, वजनाला विटा आणि जाड कागद. कागद साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरचा घ्यावा.

आवारातले किंवा रस्त्याकडेचे एक झाड निवडा. मालकाची परवानगी घेऊन पाने आणि शक्यतो फुले किंवा फळे असलेली, कागदावर मावेल एवढीच डहाळी कापा. अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून परवानगीशिवाय काहीही तोडू नका. डहाळी वर्तमानपत्रात पसरून फळ्यांमध्ये दाबा. पहिले काही दिवस रोज कागद बदला, नाहीतर बुरशी येते. पावसाळ्यात अधिक जपावे लागते. पूर्वी किडीपासून रक्षणासाठी नमुन्यांना पाऱ्याची विषारी संयुगे लावीत. तुम्ही तसले काहीही वापरू नका. पूर्ण वाळलेला नमुना घट्ट बंद पिशवीत घालून काही दिवस शीतपेटीत ठेवला तरी कीड मरते.

आता चिठ्ठी. तिच्यावर स्थानिक नाव, कळले तर शास्त्रीय नाव, गाव-तालुका-जिल्हा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहा. वाळल्यावर जे दिसणार नाही तेही टिपा : झाडाची उंची, बुंध्याचा घेर, फुलाचा रंग, वास. आणि मग तो शब्द : ‘रानातले’, ‘लावलेले’ की ‘लावलेल्यापासून आपोआप उगवलेले’. लावलेले असेल तर कुणी आणि कोणत्या साली, हे गावातल्या वडीलधाऱ्यांना किंवा शाळेच्या जुन्या शिपाईमामांना विचारा. शाळेच्या दप्तरात वृक्षारोपणाच्या समारंभाची नोंदही सापडेल. नक्की कळले नाही तर ‘माहीत नाही’ असे स्पष्ट लिहा. तेही उत्तम शास्त्रीय उत्तर आहे.

शिक्षकांनी मनावर घेतले तर आणखी एक गोष्ट साधेल. महाबळेश्वर, वाई, सातारा, कराड, सांगली, जत येथल्या शाळांनी मिळून एकच झाड निवडावे, उदाहरणार्थ सिल्व्हर ओक किंवा निलगिरी. प्रत्येकीने दरवर्षी पहिले फूल उमलल्याची तारीख आणि झाडाखाली दिसलेल्या रोपांची संख्या नोंदवावी. पाचदहा वर्षांत सह्याद्रीच्या माथ्यापासून जतच्या माळापर्यंतचा एक आलेख तयार होईल. असा आलेख विकत मिळत नाही, तो तेथे राहणाऱ्यांनीच काढावा लागतो.

रस्ते रुंद होतात, इमारती उठतात, जुनी झाडे जातात. जे झाड रानातले होते ते गेले तर त्याचे भाईबंद रानात सापडतील. पण कुणीतरी दूरवरून आणून लावलेले एकटे झाड गेले की त्याच्याबरोबर एक पुरा प्रयोग पुसला जातो. तो पुसला जाण्यापूर्वी त्याचे वाचन घेऊन ठेवायला एक डहाळी, एक कागद आणि दहा ओळींची चिठ्ठी पुरते. उद्या शाळेत गेलात की आवारातल्या सर्वांत जुन्या झाडापाशी थोडे थांबा आणि पहिला प्रश्न विचारा : हे झाड इथे कुणी लावले?